परकीय चलन खाती, अनिवासी भारतीयांची

परदेशी राहून अर्थार्जन करणाऱ्या भारतीय नागरिकास व भारतीय वंशाच्या व्यक्तीस भारतातील प्राधिकृत बँकेत डॉलर, पौंड, येन, यूरो इ. परकीय चलनांत जी मुदत ठेव ठेवता येते, तीस ‘परकीय चलन अनिवासी खाते’ असे म्हणतात. अशा व्यक्तीस भारतात रुपयांतील दोन प्रकारची खातीही उघडता येतात. परदेशातील मिळकत रुपयांत रूपांतरित करून ज्यात ठेवली जाते आणि ज्यातील मुद्दल व व्याज केव्हाही परदेशी परत नेता येते, ते ‘अनिवासी बाह्य रुपया खाते’ होय. शेतीचा खंड, घरभाडे, निवृत्तिवेतन, लाभांश यांसारखे भारतातील उत्पन्न ज्यात जमा होते, ते ‘अनिवासी साधारण रुपया खाते’ होय. या तिन्ही खात्यांना व्यवहारात अनुक्रमे एफसीएनआर, एनआरई व एनआरओ अशी आद्याक्षरी नावे रूढ आहेत.

या खात्यांतील मूलभूत भेद व्याजाच्या दराचा नसून विनिमय जोखमीचा आहे. एका चलनात मिळविलेला पैसा दुसऱ्या चलनात खर्च करावयाचा झाल्यास मधल्या काळात विनिमय दर बदलतो व त्यातून कोणाचा तरी तोटा होतो. तो तोटा ठेवीदाराने सोसावयाचा, बँकेने की शासनाने, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी जी उत्तरे देण्यात आली, त्यांचाच इतिहास म्हणजे या खात्यांचा इतिहास होय. खानदेशातील पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावावरूनही तो स्पष्ट करता येतो. कारण दूरदेशी मिळालेला पैसा घरी आणताना नाण्यांच्या फरकाची झळ सोसण्याचा अनुभव या प्रदेशास नवा नाही.

पूर्वेतिहास : पारोळा हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण धुळे–जळगाव मार्गावर वसले आहे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी सु. पन्नास घरांच्या खेड्याचे तटबंदीच्या गावात रूपांतर केले व १७२७ मध्ये येथील भुईकोट किल्ला बांधला, असे सांगितले जाते. पारोळ्याची ही जहागीर झाशीच्या नेवाळकर घराण्याशी संबद्ध होती. १८५७ च्या उठावानंतर ती इंग्रजांनी जप्त केली व किल्ल्याची मोडतोड केली. गुरे, कापूस, लुगडी व धान्य यांची पेठ म्हणून या गावाची ख्याती होती.

पेशवाईच्या काळात महाराष्ट्रात एकच एक रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी इ. अनेक रुपये एकाच वेळी चालत. त्यांचे वजन व चांदीचा कस भिन्न असे. एका नाण्यातील रक्कम दुसऱ्या नाण्यात फेडताना जी सूट द्यावी लागे, तीस बट्टा म्हणत. तो ठरविणे हे सराफाचे काम होते. दूरच्या गावी पैसा पाठविण्यासाठी हुंडीचा उपयोग करीत. हुंडीत रक्कम कोणत्या नाण्यात द्यावयाची याचा उल्लेख असे. कारण तो नसल्यास फेडीच्या वेळी तंटा ठरलेला असे. हुंडी दाखविताच रक्कम देय असल्यास ती दर्शनी व ठराविक दिवसांनी देय असल्यास मुदती समजली जाई. माल सुखरूप पोहोचला तरच जिची रक्कम द्यावी लागे, ती जोखमी हुंडी. अंतर, काळ व नाणे या तिहींची जोखीम कोणी घ्यावयाची हे आधी ठरवून तिचे मोल हुंडणावळीत धरण्याची ही पद्धत आधुनिक विनिमय व्यवहाराची पूर्वपीठिका मानता येईल. तीत जोखीम खाजगी होती. राजसत्ता ती आपल्या अंगावर घेत नसे.

रुपया व पौंड : १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकसारखा चांदीचा रुपया सुरू केला व बट्ट्याचा व्यवहार ओसरू लागला. परंतु देशांतर्गत नाण्यांतील फरक मिटत असतानाच रुपया व पौंड यांच्यातील फरक महत्त्वाचा ठरू लागला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यामुळे खानदेशच्या कापसाला मोठी मागणी आली. तेव्हापासून पारोळा व अमळनेरच्या परिसरातील शेतकऱ्याच्या मालाचा भाव लिव्हरपूलच्या बाजाराशी, म्हणजे पर्यायाने पौंडाशी, जोडला गेला.

१८७० नंतर चांदीचे भाव कोसळले व रुपयाची पौंडातील किंमत सु. दोन शिलिंगांवरून उतरत गेली. १८९३ मध्ये टाकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद करण्यात आल्या, तेव्हा ती एक शिलिंग तीन पेन्सांच्याही खाली गेलेली होती. भारतात रुपयांत वेतन घेऊन इंग्लंडमधील कुटुंबास पौंड पाठविणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना याची झळ बसली. परदेशी नोकरी करणाऱ्याच्या विनिमय जोखमीचे हे या देशातील पहिले मोठे उदाहरण होय. शासनाने त्याच वर्षी त्यांना विनिमय नुकसानभरपाई भत्ता मंजूर केला. त्याचा भार भारतीय महसुलावर पडला. विशिष्ट वर्गाच्या ठेवीची अथवा वेतनाची विनिमय हानी सार्वजनिक तिजोरीने भरून द्यावी काय, हा पुढे पाऊणशे-शंभर वर्षांनी पुन्हा उद्भवलेला प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला होता.

१८९८ नंतर रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे एका पौंडास १५ रुपये, असा स्थिरावला. बडोदे संस्थानाने डॉ. भीमराव आंबेडकर यांना १९१३ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. या दराने ती रक्कम १७२ रुपये ८ आणे भरते. तिचा आकडा पौंडांत ठरलेला असल्यामुळे रुपयाच्या चढउताराचा धोका विद्यार्थ्यास नव्हता. तो संस्थानाकडे होता. घरून रुपये मागविणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती याच्या उलट असे. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागल्याने १९२० च्या आरंभी रुपयाचा दर दोन शिलिंगांच्या वर गेला व १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली आला. म्हणजे घरून आलेल्या १,००० रुपयांचे ज्या विद्यार्थ्यास लंडनमध्ये १०० पौंड मिळत, त्यास वर्षभरानंतर ६६ पौंडही मिळेनासे झाले. याच काळात लंडनमध्ये अध्ययन करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी आपल्या द प्रॉब्लेम ऑफ द रूपी (१९२३) या प्रबंधात चलनव्यवस्थेची मीमांसा केली. विनिमय दराच्या स्थैर्यापेक्षा रुपयाच्या देशांतर्गत क्रयशक्तीच्या स्थैर्याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. १९२५-२६ च्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. १९२७ मध्ये एक शिलिंग सहा पेन्स हा दर कायद्याने निश्चित झाला.

विनिमय नियंत्रणाचा काळ : दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी, सप्टेंबर १९३९ मध्ये, भारत संरक्षण नियमांखाली परकीय चलनावर नियंत्रण आले. युद्धकाळापुरती केलेली ही व्यवस्था १९४७ च्या विदेशी विनिमय नियमन अधिनियमाने पुढे चालू राहिली व १९७३ च्या अधिनियमाने ती अधिक कडक झाली. भारतात राहणाऱ्यास परवानगीवाचून परदेशी बँकेत खाते ठेवता येत नसे व हाती आलेले परकीय चलन प्राधिकृत बँकेस विकणे बंधनकारक होते. अशा परिस्थितीत परदेशातून परतणाऱ्यास आपली शिल्लक मूळ चलनात राखण्याची वाट जवळजवळ बंद होती.

या काळात रुपयाचे दोनदा मोठे अवमूल्यन झाले. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबरच रुपयाचेही ३०·५ टक्के अवमूल्यन होऊन डॉलरचा दर रु. ३·३० वरून रु. ४·७६ वर गेला. पौंडाशी असलेला दर बदलला नाही. त्यामुळे लंडनमध्ये राहणाऱ्यास फरक पडला नाही. अमेरिकेत राहणाऱ्यास मात्र पडला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे ३६·५ टक्के अवमूल्यन झाले आणि डॉलर रु. ७·५० व पौंड रु. २१ असे दर ठरले. परदेशातील कमाई ज्याने आधीच रुपये करून मायदेशी ठेवली होती, त्याच्या ठेवीचे परकीय मूल्य एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटले. ज्याने ती परदेशीच राखली होती, त्यास तेवढ्याच डॉलरांचे दीडपटीहून अधिक रुपये मिळू लागले.

आखाती देशांच्या बाबतीत तर परकीय चलनाचा प्रश्नच दीर्घकाळ निराळ्या स्वरूपाचा होता. कुवेत, बहारीन, कतार, हल्लीच्या संयुक्त अरब अमिरातीतील राज्ये व ओमान या प्रदेशांत भारतीय रुपयाच चलनात होता. तेथे नोकरीस गेलेल्या भारतीयास मिळणारे वेतन व घरी लागणारा पैसा यांचे चलन एकच असे. मात्र आखातातून भारतात चोरटे सोने आणून त्याची किंमत रुपयांत चुकविली जाई आणि ते रुपये तेथील बँकांमार्फत पौंडांच्या मोबदल्यासाठी परत येत. या गळतीला आळा घालण्यासाठी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. त्या ‘आखाती रुपया’ या नावाने ओळखल्या जातात. कुवेतने १९६१ मध्ये व बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे दिनार सुरू केले. १९६६ च्या अवमूल्यनानंतर कतार, दुबई इ. राज्यांनी रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला. १९७३ नंतर तेलाच्या किंमती वाढून आखातात कामगारांची मागणी उसळली, तेव्हा तेथील वेतन पूर्णार्थाने परकीय चलन झालेले होते.

अनिवासी खात्यांचा उदय : १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले व त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली. त्यामुळे जिल्ह्यांच्या अंतर्भागात व्यापारी बँकांच्या शाखा पसरू लागल्या. या सुमारासच, १९७० मध्ये, अनिवासी बाह्य रुपया खाते सुरू झाले. त्यातील पैसा परत परदेशी नेण्याची मुभा होती; पण ठेव रुपयांत असल्यामुळे विनिमय जोखीम सर्वस्वी ठेवीदाराची होती.

नोव्हेंबर १९७५ मध्ये परकीय चलन अनिवासी खात्याची पहिली योजना अंमलात आली. आरंभी ते डॉलर व पौंड यांत आणि १९८८ पासून जर्मन मार्क व येन यांतही ठेवता येऊ लागले. बँक ठेवीदाराकडून डॉलर घेई, ते रिझर्व्ह बँकेला देऊन त्यांचे रुपये करी व ते रुपये भारतात कर्जाऊ देई. मुदत संपल्यावर रिझर्व्ह बँक मूळच्याच दराने बँकेस डॉलर परत पुरवी. मधल्या काळात रुपया कितीही घसरला, तरी ती हानी ठेवीदारासही नव्हती व बँकेसही नव्हती. ती रिझर्व्ह बँकेची होती. १९८५-८६ मध्ये डॉलरचा सरासरी दर सु. रु. १२·२४ होता, तर १९९०-९१ मध्ये तो सु. रु. १७·९४ झाला. त्या पाच वर्षांत नूतनीकरण होत राहिलेल्या १,००० डॉलरांच्या ठेवीपोटी रिझर्व्ह बँकेस, व्याज वगळूनही, सु. ५,७०० रुपयांची तूट येई. १९७० नंतरच्या तेलसंकटांत देशाला डॉलरची निकड होती व ती भागविण्यासाठी हे मोल देण्यात आले. परंतु ही ठेव ठेवू शकणारा वर्ग सुस्थित होता, तर तूट सार्वजनिक संस्थेवर पडत होती. १८९३ च्या भत्त्याशी या व्यवस्थेचे साम्य आहे ते याच मुद्द्यावर.

१९९०-९१ चे संकट : २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. कुवेतमधील दीड लाखांहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांतील बहुतेकांची शिल्लक, थकलेले वेतन व घरसामान तेथेच अडकले. अशा बाधितांना पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगामार्फत भरपाई मिळाली. सक्तीने देश सोडाव्या लागलेल्या व्यक्तीसाठी ती किमान २,५०० डॉलर ठरविण्यात आली होती. बचत कोणत्या चलनात आहे याइतकेच ती कोणत्या देशात आहे यालाही महत्त्व असते, हा या प्रसंगाचा धडा होय.

याच सुमारास तेलाची वाढलेली किंमत, आखातातून घटलेले पैसे व राजकीय अस्थैर्य यांमुळे भारताची परदेशातील पत खालावली. मार्च १९९१ अखेर परकीय चलन अनिवासी खात्यांत सु. एक हजार कोटी डॉलर होते. विनिमयाची हमी असूनही ठेवीदारांनी त्या काढून घेण्यास प्रारंभ केला व एप्रिल–जून १९९१ या तीन महिन्यांत अनिवासी ठेवींतून सु. ९५ कोटी डॉलर बाहेर गेले. हमी विनिमय दराची होती. परंतु ठेवीदारांना शंका होती ती देश डॉलर देऊ शकेल की नाही याची. देशाची गंगाजळी तीन आठवड्यांच्या आयातीलाही पुरणार नाही अशी स्थिती झाली. मे १९९१ मध्ये २० टन सोने परदेशी विकण्यात आले व जुलैमध्ये सु. ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण ठेवण्यात आले.

१ व ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे मूल्य कमी करण्यात आले व डॉलरचा दर सु. रु. २१·१० वरून सु. रु. २६ च्या जवळ गेला. याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पारोळ्याहून आखातात गेलेल्या दोघा तंत्रज्ञांची प्रत्येकी १०,००० डॉलरांची बचत होती. एकाने ती जूनअखेर रुपया खात्यात टाकली. तिचे २,११,००० रुपये झाले. दुसऱ्याने ती परकीय चलन खात्यात ठेवली. रु. २५·९५ हा दर धरल्यास तीनच दिवसांनी दुसऱ्याच्या ठेवीचे रुपयांतील मूल्य २,५९,५०० झाले आणि पहिल्याच्या ठेवीचे डॉलरमधील मूल्य सु. ८,१३० उरले. पहिल्यास पारोळ्यात घर बांधावयाचे असल्यास त्याचे रुपये कमी झाले नव्हते. मात्र वाढीव दराचा लाभ त्यास मिळाला नाही. मुलाला परदेशी शिकविण्याचा त्याचा विचार असल्यास मात्र तोटा प्रत्यक्ष होता.

जोखमीचे नवे वाटप : मार्च १९९३ मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोपविण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात परकीय चलन अनिवासी खात्याची दुसरी योजना, म्हणजे हल्लीची एफसीएनआर-बी, सुरू झाली व ऑगस्ट १९९४ मध्ये जुनी योजना बंद झाली. नव्या योजनेत रिझर्व्ह बँक विनिमय दराची हमी देत नाही. ठेवीदारास मूळ चलन मिळेल याची जबाबदारी ठेव घेणाऱ्या बँकेची असते. आपली जोखीम बँक बाजारातील वायदे व्यवहारांनी झाकते आणि त्याचा खर्च व्याजदरात धरते. जुन्या योजनेतील शिल्लक हानी केंद्र शासनाने आपल्या शिरावर घेतली. २०११ पासून मुक्तपणे परिवर्तनीय अशा कोणत्याही चलनात ही ठेव ठेवता येते. तिची मुदत एक ते पाच वर्षे असते.

तथापि संकटकाळी शासनाने जोखमीचा वाटा पुन्हा उचलल्याची उदाहरणे आहेत. १९९८ मध्ये अणुचाचण्यांनंतरच्या आर्थिक निर्बंधांच्या काळात भारतीय स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बाँड काढून सु. ४२० कोटी डॉलर आणि २००० मध्ये इंडिया मिलेनियम डिपॉझिट योजनेतून सु. ५५० कोटी डॉलर उभारले. या उभारणीवरील विनिमय हानी ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास ती केंद्र शासनाने सोसावी, अशी तरतूद होती. ऑगस्ट २०१३ अखेरीस रुपया डॉलरला ६८ च्या पलीकडे घसरला. तेव्हा रिझर्व्ह बँकेने किमान तीन वर्षांच्या नव्या ठेवींवरील जोखीम वार्षिक साडेतीन टक्के खर्चात स्वीकारण्याची सवलत बँकांना दिली. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१३ या काळात परकीय चलन अनिवासी खात्यांत त्यामुळे सु. २,६०० कोटी डॉलर आले व २०१६ मध्ये ते परत करण्यात आले.

हल्लीची व्यवस्था : विदेशी विनिमय व्यवस्थापन अधिनियम, १९९९ हा १ जून २००० पासून अंमलात आला. त्याने नियंत्रणाची जागा व्यवस्थापनाने घेतली. परदेशी नोकरी, व्यवसाय वा अनिश्चित काळाच्या वास्तव्यासाठी जाणारी व्यक्ती देश सोडल्यापासून अनिवासी ठरते व तिने आपले साधे बचत खाते साधारण अनिवासी खात्यात बदलून घेणे आवश्यक असते. पुष्कळ कुटुंबांत हे राहून जाते आणि गावच्या शाखेतील जुन्या खात्यात परदेशी गेलेल्याच्या नावे उत्पन्न जमा होत राहते; पुढे पैसा बाहेर नेताना किंवा प्राप्तिकराचा हिशेब देताना त्याची अडचण होते. आईवडील वा अन्य निवासी नातलगास मुखत्यारपत्रावर अनिवासी खात्यातून स्थानिक खर्च भागविता येतो. परंतु खातेदाराच्या वतीने बक्षीस देता येत नाही. २०११ पासून निवासी निकट नातलगास ‘पहिला अथवा हयात’ या अटीवर संयुक्त खातेदार करता येते. खातेदाराच्या मृत्यूनंतर गावाकडील वृद्ध आईवडिलांची धावपळ टाळण्यास ही सोय व वारसाचे नामनिर्देशन विशेष उपयुक्त ठरते.

बाह्य रुपया खाते व परकीय चलन खाते यांवरील व्याज अनिवासी असेपर्यंत भारतात करमुक्त असते. साधारण खात्यावरील व्याज करपात्र असते व त्यातून वर्षास १० लाख डॉलरपर्यंतची रक्कम कर भरून बाहेर नेता येते. भारतात करमुक्त असलेले व्याज वास्तव्याच्या देशात करमुक्त असतेच असे नाही. अमेरिकेत राहणाऱ्या व्यक्तीस परदेशांतील, म्हणजे भारतातीलही, खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरांहून अधिक झाल्यास तेथील शासनास कळवावे लागते. खात्यांच्या माहितीच्या देवघेवीचा करार भारत व अमेरिका यांच्यात २०१५ मध्ये झाला.

मायदेशी परतणाऱ्याच्या बाबतीत १९९९ च्या अधिनियमाने मोठा बदल केला. अनिवासी असताना परदेशी मिळविलेली ठेव, रोखे व स्थावर मालमत्ता परतल्यानंतरही तेथेच ठेवण्याची मुभा कलम ६ (४) ने दिली. भारतातील परकीय चलन अनिवासी ठेव मुदतीपर्यंत चालू राहते व नंतर निवासी परकीय चलन खात्यात वळविता येते. पुन्हा परदेशी जाण्याचा संभव असलेल्यास अथवा मुलांचे शिक्षण तेथे चालू असलेल्यास त्यामुळे मूळ चलन मोडावे लागत नाही. मात्र पूर्णार्थाने निवासी झाल्यावर परदेशी खाती भारतातील प्राप्तिकर विवरणात दाखविणे बंधनकारक असून, ती दडविल्यास २०१५ च्या काळा पैसा अधिनियमाखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

खानदेशातील स्थिती : पारोळ्याचा शेजारी तालुका अमळनेर येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पती तेलाच्या कंपनीतून विप्रो हा उद्योगसमूह वाढला. पुढे संगणक क्षेत्रात शिरून त्याने हजारो तंत्रज्ञांना परदेशी कामास पाठविले आणि २००० मध्ये त्याच्या समभागांची नोंदणी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातही झाली. जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ व या विभागातील अभियांत्रिकी महाविद्यालये यांमुळे शेतकरी कुटुंबांतील तरुणांनाही परदेशी नोकरीची वाट खुली झाली. कापसाच्या भावाबरोबर डॉलर वा दिरहॅम यांच्या दराची चौकशी करणारी घरे त्यातून निर्माण झाली.

परकीय चलनातील ठेव केवळ प्राधिकृत बँकांकडेच ठेवता येते. ग्रामीण भागात विश्वासाचे स्थान असलेल्या नागरी सहकारी बँकांपैकी ज्यांना परवानगी आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना रुपया खातीच स्वीकारता येतात. पतसंस्थांना तीही स्वीकारता येत नाहीत. परिणामी तालुक्यातील कुटुंबाच्या हाती सामान्यतः रुपया खातेच येते. देशाच्या आकडेवारीतही याचे प्रतिबिंब दिसते. मार्च २०२५ अखेर अनिवासी ठेवी १६,००० कोटी डॉलरांहून अधिक होत्या. त्यांतील सु. तीन-पंचमांश बाह्य रुपया खात्यांत, तर केवळ सु. एक-पंचमांश परकीय चलन खात्यांत होत्या. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक, म्हणजे सु. २०·५ टक्के, होता. अर्थात यातील मोठा भाग मुंबई-पुण्याच्या शाखांत नोंदला जातो व त्यावरून खानदेशाचा वाटा कळत नाही.

मूल्यमापन : रुपया खात्यावरील व्याज सामान्यतः परकीय चलन ठेवीवरील व्याजापेक्षा अधिक असते. हा अधिक भाग म्हणजे रुपयाच्या संभाव्य घसरणीबद्दल ठेवीदारास मिळणारा मोबदला होय. तो पुरेसा ठरेल की नाही हे आगाऊ सांगता येत नाही. म्हणून व्याजदरांची तुलना करण्याआधी पैसा अखेर कोणत्या चलनात खर्च होणार आहे हे ठरविणे योग्य होय. पारोळ्यात घर, विहीर वा बहिणीचे लग्न यांसाठी लागणारा पैसा रुपयांतच असणे युक्त ठरते. परदेशातील शिक्षण, कर्जफेड अथवा तेथील निवृत्तिकाळ यांसाठीची बचत त्या त्या चलनात राखणे हितावह असते. दिरहॅम व सौदी रियाल यांचे दर डॉलरशी निगडित असल्यामुळे त्या देशांत कमावणाऱ्यास डॉलरमधील ठेव ही जवळजवळ स्वतःच्या वेतनाच्या चलनातील ठेवीसारखीच असते.

सराफाच्या बट्ट्यापासून ते २०१३ च्या सवलतीपर्यंत विनिमय हानी नाहीशी करणारी युक्ती कोणासच सापडलेली नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे सरकविली गेली इतकेच. ती सरकविताना देशाला डॉलर मिळाले हे खरे; परंतु तिची हमी बव्हंशी मोठ्या रकमेच्या परकीय चलन ठेवींना लाभली. दर महिन्यास घरखर्चासाठी थोडेथोडे पैसे पाठविणाऱ्या कामगाराने मात्र ती जोखीम सर्व काळ स्वतःच सोसली आहे. या खात्यांच्या इतिहासाचे मूल्यमापन करताना ही विषमता दृष्टीआड करता येत नाही.